मोबाइलची बॅटरी का फुगते?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझा भाचा नववीत आहे. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना जुनी यंत्रे उघडून पाहण्याचा भारी नाद. बंद पडलेले मोबाइल, चालत नसलेला संगणक, तुटक्या पडद्याचा लॅपटॉप असे काहीबाही जमवून त्यांनी आमच्या गच्चीवर एक 'दवाखाना' थाटला होता. एकाच्या हातात स्क्रू पिळायचे पेचकस, दुसऱ्याच्या हातात जुना दातांचा ब्रश, आणि तिघांच्याही तोंडी अखंड चर्चा. कोणाचा फोन पाण्याच्या बादलीत पडला होता, कोणाच्या संगणकाचा पंखा धुळीने बसला होता, आणि त्यावर प्रत्येकाचा उपाय वेगळा.

मी सहज वर गेलो, तेव्हा तिघे एका फोनभोवती डोके खुपसून बसले होते. फोन माझ्या बहिणीचा होता. त्याची पाठ कडेने उचकटली होती, आणि आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती.

"मामा, हिच्यात हवा भरलीय," भाचा म्हणाला. "सुईने बारीक भोक पाडतो, हवा निघून जाईल आणि पाठ पुन्हा नीट बसेल."

त्याच्या हातात खरोखरच शिवणाची सुई होती.

"थांब!" मी जवळजवळ ओरडलोच. सुई काढून घेतली आणि तिघांनाही दोन पावले मागे सरकायला सांगितले. मुले चकित झाली. फुग्यातली हवा काढावी तशी बॅटरीतली हवा काढली, तर बिघडले कुठे?

तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल. त्याचे उत्तर समजण्यासाठी आधी त्या चपट्या पिशवीत काय असते ते पाहू.

सत्तर ग्रॅममध्ये किती ऊर्जा?

आजच्या पुष्कळ मोबाइल बॅटऱ्यांवर '५००० मिलिअँपिअर-तास' आणि '३.८५ व्होल्ट' असे आकडे छापलेले असतात. या दोन आकड्यांवरून तिच्यात साठलेली ऊर्जा काढता येते. ५००० मिलिअँपिअर म्हणजे ५ अँपिअर. एका तासाचे सेकंद ३६००. म्हणून

विद्युतप्रभार = ५ × ३६०० = १८,००० कूलोम
ऊर्जा = १८,००० × ३.८५ = ६९,३०० ज्यूल

हा आकडा केवढा मोठा? ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या विद्यार्थ्याला उचलायला सुमारे ४९० न्यूटन बल लागते. ६९,३०० ला ४९० ने भागा. उत्तर येते सुमारे १४१ मीटर. म्हणजे ही सगळी ऊर्जा वापरता आली, तर त्या विद्यार्थ्याला कुतुबमिनाराच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर नेता येईल! किंवा दुसऱ्या रीतीने पाहा. पाव लिटर पाण्याला ही उष्णता दिली, तर ते २५ अंश सेल्सिअसपासून ९० अंशांपर्यंत तापेल.

आणि एवढी ऊर्जा सामावणाऱ्या बॅटरीचे वजन असते सत्तर ग्रॅमच्या आसपास. मोटारगाडीतली शिसे-आम्लाची बॅटरी तेवढ्याच वजनात याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा साठवते. म्हणूनच फोन खिशात मावतो. पण लक्षात ठेवा, ही ऊर्जा दिवसभरात सावकाश बाहेर पडली तर फोन चालतो. तीच अर्ध्या मिनिटात बाहेर पडली तर आग लागते. पिशवी तीच, ऊर्जाही तीच. फरक फक्त वेळेचा.

नदी, होडी आणि पूल

या बॅटरीला लिथिअम-आयन बॅटरी म्हणतात. लिथिअम हा आवर्तसारणीतला तिसरा मूलद्रव्य आणि सर्वांत हलका धातू. पाण्यावर टाकला तर तरंगतो, आणि तरंगता तरंगता पाण्याशी जोरात अभिक्रियाही करतो. इलेक्ट्रॉन देऊन टाकण्यास तो फार उत्सुक असतो. हलकेपणा आणि ही उत्सुकता, या दोन गुणांमुळे तो बॅटरीसाठी उत्तम ठरतो.

बॅटरी उलगडली (आपण ती मनातच उलगडायची आहे!) तर तिच्यात लांबच लांब पट्ट्या गुंडाळलेल्या किंवा एकावर एक रचलेल्या दिसतील. एक पट्टी तांब्याच्या पातळ पत्र्याची असते. तिच्यावर ग्राफाइटचा, म्हणजे आपल्या पेन्सिलीतल्या काळ्या पदार्थाचा, लेप असतो. हा ऋणध्रुव. दुसरी पट्टी ॲल्युमिनिअमची, तिच्यावर लिथिअम आणि कोबाल्ट यांच्या ऑक्साइडाचा लेप. हा धनध्रुव. या दोघींच्या मध्ये प्लास्टिकचा एक सच्छिद्र पापुद्रा असतो. त्याला आपण विभाजक म्हणू. हे सगळे एका विद्युत अपघटनी द्रवात भिजलेले असते. हा द्रव पाण्याचा नसतो, कारण पाणी आणि लिथिअम यांचे जमत नाही. तो सेंद्रिय द्रावकांचा असतो, आणि ते द्रावक पेट घेणारे असतात.

आता अशी कल्पना करा, की ग्राफाइट आणि कोबाल्ट ऑक्साइड ही नदीकाठची दोन गावे आहेत. बॅटरी भारित असते तेव्हा लिथिअम ग्राफाइटच्या गावात, त्याच्या थराथरांच्या फटींमध्ये वस्तीला असतो. फोन सुरू केला, की लिथिअमचे धन आयन होडीत बसून, म्हणजे अपघटनी द्रवातून आणि विभाजकाच्या छिद्रांमधून, पलीकडच्या गावाकडे निघतात. पण इलेक्ट्रॉनांना होडीत जागा नाही! त्यांना लांबच्या पुलावरून, म्हणजे फोनच्या मंडलातून, फिरून जावे लागते. जाता जाता आपण त्यांच्याकडून काम करून घेतो. पडदा उजळतो, आवाज उमटतो. फोन चार्जरला लावला, की दोघांनाही उलटा प्रवास घडतो.

ही सारी व्यवस्था एका गोष्टीवर अवलंबून आहे. इलेक्ट्रॉनांनी पूल सोडून जवळची वाट धरता कामा नये. ती वाट अडवून धरतो तो मधला विभाजक. त्याची जाडी असते साधारण १० ते २५ मायक्रोमीटर. तुमच्या वहीचा कागद याच्या चार-पाच पट तरी जाड असतो. एवढ्या नाजूक पडद्याच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन द्यायला उतावीळ पदार्थ, दुसऱ्या बाजूला ते घ्यायला टपलेला पदार्थ, आणि भोवती पेट घेणारा द्रव!

आता सांगा, सुईने काय केले असते? सुई धातूची. ती ऋणध्रुव, विभाजक आणि धनध्रुव या तिघांनाही भेदून गेली असती, आणि इलेक्ट्रॉनांना अगदी जवळचा पूल मिळाला असता. बॅटरीच्या आतच लघुपरिपथ, म्हणजे शॉर्टसर्किट, झाले असते. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत बॅटरी किती सुरक्षित आहे हे पाहण्यासाठी तिच्यात मुद्दाम खिळा ठोकून पाहतात. पण ते बंद, भक्कम कक्षात आणि माणसे दूर ठेवून. माझा भाचा तीच चाचणी गच्चीवर, मांडी घालून करायला निघाला होता.

ही बॅटरी आली कोठून?

१९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथिअमचा उपयोग करणारी पुन्हा भारित होणारी बॅटरी तयार केली. तिच्या ऋणध्रुवावर शुद्ध धातुरूप लिथिअम होता. बॅटरी जोरदार होती, पण धोक्याची. वारंवार भारित केल्यावर लिथिअमच्या पृष्ठभागावर काटेरी अंकुर फुटत. ते वाढत वाढत विभाजक भेदून पलीकडे पोचत आणि लघुपरिपथ होई. म्हणजे बाहेरून सुई टोचावीच लागत नव्हती. सुया आतूनच उगवत होत्या!

१९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनध्रुवासाठी लिथिअम कोबाल्ट ऑक्साइड योग्य असल्याचे दाखवले. त्यामुळे बॅटरीला जवळजवळ ४ व्होल्टचा दाब मिळाला. पुढे १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथिअम काढूनच टाकला. त्याच्या जागी त्यांनी कार्बनयुक्त पदार्थ वापरला. आता लिथिअम केवळ आयनरूपात दोन घरांमध्ये ये-जा करू लागला. योशिनो यांनी आपल्या बॅटरीवर लोखंडाचा जड ठोकळा वरून टाकून पाहिला, आणि धातुरूप लिथिअमच्या बॅटरीवरही टाकून पाहिला. धातुरूप लिथिअमची बॅटरी भडकून पेटली. योशिनोंची पेटली नाही. त्यांच्या मते लिथिअम-आयन बॅटरीचा खरा जन्म त्या दिवशी झाला.

१९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली. २०१९ साली व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. नोबेल मिळवणारे ते सर्वांत वयोवृद्ध शास्त्रज्ञ ठरले.

मग ती फुगते का?

बॅटरी पहिल्यांदा भारित होते तेव्हा अपघटनी द्रवाचा थोडा भाग ग्राफाइटपाशी विघटित होतो आणि तेथे एक पातळ थर जमतो. दुधावर साय धरावी तसा. हा थर उपयोगाचा असतो. तो आयनांना आत सोडतो, पण द्रवाला ग्राफाइटपासून दूर ठेवतो, म्हणून पुढचे विघटन थांबते. कारखान्यातच हे काम उरकून घेतात आणि तेव्हा निर्माण झालेला वायू काढून टाकून पिशवी बंद करतात.

पण ही साय कायमची अभंग राहत नाही. बॅटरी भारित होताना ग्राफाइट किंचित फुगतो, रिकामी होताना आक्रसतो. त्यामुळे सायीला तडे जातात, तेथे नवी साय धरते, आणि प्रत्येक वेळी थोडा द्रव आणि थोडा लिथिअम खर्ची पडतो. जुन्या फोनची बॅटरी लवकर उतरते त्याचे हे एक मोठे कारण.

द्रवाचे विघटन होताना कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन, एथिलीन असे वायू निर्माण होतात. पिशवी चोहोबाजूंनी बंद. वायू जाणार कुठे? म्हणून ती फुगते. तेव्हा आत भरलेली 'हवा' ही हवा नसतेच. तिच्यातले पुष्कळसे वायू ज्वालाग्राही असतात, आणि कार्बन मोनॉक्साइड तर विषारीही.

हे विघटन जलद होण्याची मुख्य कारणे तीन. पहिले, उष्णता. तापमान वाढले की रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढतो, हे तुम्ही शिकला आहात. पुष्कळ उत्पादक फोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. आपल्या विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि उन्हात उभ्या मोटारीत त्याहूनही वर. दुसरे, बॅटरी सतत पूर्ण भारित ठेवणे. दाब जितका जास्त, तितका द्रवावर ताण अधिक. तिसरे, कारखान्यातली खोट किंवा नंतर बसलेला मार.

मी भाच्याला विचारले, "हा फोन ताई वापरत नव्हती ना? मग होता कुठे?"

"स्वयंपाकघरात. आई त्याच्यावर गाणी ऐकते. शेगडीच्या वरच्या फळीवर असतो."

"आणि चार्जर?"

"तो लावलेलाच असतो, दिवसरात्र."

झाले! पहिली दोन्ही कारणे एकाच फळीवर सापडली. खालून शेगडीची धग, आणि वर्षभर शंभर टक्क्यांवर टेकलेली बॅटरी. फोन बिचारा गाणी म्हणत म्हणत आतून विघटित होत होता.

आगीची साखळी

फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटतेच असे नाही. पण तिच्यातले थर एकमेकांपासून सरकलेले असतात, पिशवी ताणलेली असते, आणि अशा वेळी दाब, टोचणे किंवा पुन्हा भारित करणे यांतून लघुपरिपथ होऊ शकतो. तसे झाले, तर पुढचे टप्पे असे असतात.

लघुपरिपथाच्या जागी एक बिंदू तापतो. तापमान ८० ते १२० अंशांच्या दरम्यान पोचले, की ती संरक्षक साय मोडू लागते आणि मोडताना आणखी उष्णता सोडते. १३० अंशांच्या सुमारास पॉलिएथिलीनचा विभाजक वितळू लागतो. दोन्ही ध्रुव अधिक जागी एकमेकांना भिडतात. तापमान सुमारे २०० अंशांपाशी गेले, की कोबाल्ट ऑक्साइड विघटित होऊन ऑक्सिजन सोडू लागते. आता पाहा, जळणासाठी द्रव आहे, उष्णता आहे, आणि ऑक्सिजन बॅटरी स्वतःच पुरवते आहे! अशी आग नुसते पांघरूण घालून गुदमरवता येत नाही, ती याचमुळे. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याला उष्णता देतो. शास्त्रज्ञ याला उष्णतेची अनियंत्रित साखळी म्हणतात. सुरू झाल्यावर ती काही सेकंदांत शेवटाला पोचू शकते.

२०१६ साली काय घडले?

ही सगळी साखळी जगाने एकदा उघड्यावर पाहिली. ऑगस्ट २०१६ मध्ये सॅमसंग कंपनीने 'गॅलेक्सी नोट ७' हा फोन बाजारात आणला. काही दिवसांतच तो पेटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. कंपनीने चौकशी केली. तिच्याकडे दोन वेगवेगळ्या कारखान्यांतून बॅटऱ्या येत होत्या, आणि पेटलेल्या फोनांत पहिल्या कारखान्याच्या बॅटऱ्या होत्या. २ सप्टेंबरला कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत बोलावण्याचे जाहीर केले, आणि त्यांच्या बदल्यात दुसऱ्या कारखान्याच्या बॅटऱ्या असलेले फोन द्यायला सुरुवात केली.

प्रश्न मिटला असे वाटले. पण बदलून दिलेले फोनही पेटू लागले! ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुइव्हिल येथे उड्डाणाच्या तयारीत असलेल्या एका विमानात असाच एक फोन धुमसू लागला आणि प्रवाशांना विमान रिकामे करावे लागले. पुढच्याच आठवड्यात कंपनीने या फोनचे उत्पादन कायमचे थांबवले.

मग खरा शोध सुरू झाला. सुमारे ७०० तंत्रज्ञांनी दोन लाखांवर फोन आणि तीस हजारांवर सुट्या बॅटऱ्या भारित करून, रिकाम्या करून पाहिल्या. २३ जानेवारी २०१७ रोजी निष्कर्ष जाहीर झाला. पहिल्या कारखान्याच्या बॅटरीत पिशवीच्या वरच्या कोपऱ्यात पुरेशी जागा नव्हती. त्यामुळे तेथे ऋणध्रुवाची पट्टी वाकत होती आणि विभाजकावर ताण येत होता. दुसऱ्या कारखान्याच्या बॅटरीत हा दोष नव्हताच. तेथे धनध्रुवाला जोडपट्टी जोडताना धातूचे बारीक टोकदार कंगोरे राहिले होते. ते विभाजकाला भेदत होते. काही बॅटऱ्यांत तर मधली संरक्षक चिकटपट्टी लावायचीच राहिली होती.

विद्यार्थी मित्रांनो, यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पहिल्या चौकशीत पेटलेल्या फोनांत एकाच कारखान्याच्या बॅटऱ्या दिसल्या, म्हणून दुसऱ्याच्या निर्दोष असतील असे मानले गेले. पण 'येथे दोष सापडला' याचा अर्थ 'दुसरीकडे दोष नाही' असा होत नाही. दोन निराळी कारणे एकाच परिणामाला पोचली, कारण दोन्ही वाटा त्या एकाच पातळ पापुद्र्यातून जात होत्या. आणि त्या दोन्ही दोषांचे मोजमाप मिलिमीटरच्या भाषेत करावे लागते, एवढे ते लहान होते.

पाण्यात पडलेला फोन

आता आमच्या गच्चीवरच्या दुसऱ्या रोग्याकडे वळू. एका मित्राचा फोन बादलीत पडला होता, आणि त्याने तो दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. मधून मधून बाहेर काढून, सुरू होतो का, म्हणून चार्जरला लावूनही पाहत होता.

पाण्याने फोन बिघडतो तो निव्वळ ओलेपणाने नव्हे. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि असे पाणी विद्युतवाहक असते. बॅटरी जोडलेली असताना ते मंडलावर पसरले, की तेथे विद्युत अपघटन सुरू होते. तांब्याच्या बारीक वाटा विरघळू लागतात.

हे तुम्हाला शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली पाहता येईल. एका काचेच्या पेल्यात ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसऱ्यात चिमूटभर मीठ घातलेले पाणी घ्या. ९ व्होल्टची साधी चौकोनी बॅटरी घ्या (मोबाइलची मुळीच नको). तिच्या दोन टोकांना जोडलेल्या दोन तांब्याच्या तारा आधी पहिल्या पेल्यात बुडवा. तारा एकमेकींना चिकटू देऊ नका. फारसे काही घडत नाही. आता त्या मिठाच्या पाण्यात बुडवा. ऋण टोकाच्या तारेवर लगेच बुडबुडे येतील, तो हायड्रोजन. धन टोकाची तार हळूहळू झिजेल आणि पाणी गढूळ, रंगीत होऊ लागेल. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत ठेवू नका, आणि पाच मिनिटांत प्रयोग थांबवा. ती तार बरीच जाड होती. फोनमधल्या वाटा तर केसाहूनही बारीक असतात. त्यांची दशा काय होत असेल?

आता तांदळाचा विचार करा. तांदूळ थोडीफार वाफ शोषतो. पण चिपांच्या खाली अडकलेल्या थेंबापर्यंत तो पोचत नाही, आणि पाणी वाळल्यावर मागे राहिलेले क्षार तर काढूच शकत नाही. उलट त्याची भुकटी चार्जरच्या खाचेत शिरते. म्हणून २०२४ साली ॲपल कंपनीनेही आपल्या ग्राहकांना तांदळाचा उपाय करू नका असे सांगितले. खरा उपाय एकच, वीज तोडणे. फोन ताबडतोब बंद करा, पुसा, पाणी निथळू द्या, वाऱ्यावर वाळू द्या, आणि जाणकाराकडून साफ करून घेईपर्यंत चार्जरला लावू नका. तांदळाने त्या मित्राच्या फोनचे फार बिघडवले नाही; 'लावून पाहू' या उतावळेपणाने बिघडवले.

हे लक्षात ठेवा

१. फोनची पाठ किंवा पडदा उचकटलेला दिसला, तर तो बंद करा. पुन्हा भारित करू नका.

२. फुगलेली बॅटरी दाबू, वाकवू, टोचू नका. ती स्वतः उचकटून काढण्याचाही प्रयत्न करू नका.

३. तो फोन पलंग, पुस्तके, पडदे यांच्यापासून दूर, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूवर ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडू नका.

४. शक्य तितक्या लवकर मोठ्या माणसांबरोबर दुरुस्ती केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्या. घरच्या कचऱ्यात कधीही टाकू नका; कचरागाडीत ती दाबली जाते आणि गाडी पेटू शकते. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी आपल्या देशात उत्पादकांवरच टाकली आहे.

५. फोन उशीखाली किंवा पांघरुणात ठेवून भारित करू नका. उष्णतेला बाहेर जायला वाट हवी.

६. धूर किंवा फुसफुस असा आवाज आला, तर मुलांनी विझवण्याच्या भानगडीत न पडता दूर व्हावे आणि मोठ्यांना बोलवावे. तो धूर विषारी असतो. मोठ्यांनी आधी विजेचा मुख्य खटका बंद करावा. गरज पडल्यास अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर कळवावे.

ताईचा फोन आम्ही त्या दिवशी एका रिकाम्या कुंडीत वाळूवर ठेवला, गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला घेऊन मी तो दुरुस्ती केंद्रात पोचता केला. दवाखाना बंद करायला मी सांगितले नाही. यंत्रे उघडून पाहण्याची हौस चांगलीच आहे. कितीतरी शास्त्रज्ञांची सुरुवात अशाच हौसेने झाली. मी एवढेच सांगितले, की रोग्याला सुई टोचण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते शिकून घ्यावे. भाच्याने सुई आजीच्या शिवणाच्या डब्यात परत नेऊन ठेवली. संध्याकाळी पाहतो, तर तिघांनी वहीत दोन गावे, नदी, होडी आणि पूल काढला होता, आणि होडीत बसायला निघालेल्या एका इलेक्ट्रॉनावर लाल फुली मारली होती!

विचार करा

१. तुमच्या घरातल्या फोनच्या बॅटरीवरचे आकडे पाहून तिच्यातली ऊर्जा ज्यूलमध्ये काढा.

२. विमानात सुट्या लिथिअम-आयन बॅटऱ्या सामानाच्या कक्षात न देता स्वतःजवळ ठेवायला का सांगतात?

३. मोबाइलच्या बॅटरीत अपघटनी द्रव म्हणून मिठाचे पाणी वापरले तर काय होईल? दोन कारणे द्या.

४. नोट ७ च्या पहिल्या चौकशीच्या वेळी तुम्ही तेथे असता, तर दुसऱ्या कारखान्याच्या बॅटऱ्या वापरण्याआधी कोणती चाचणी घेतली असती?